'शून्य प्रवासी मृत्यू' यांस खुले पत्र

अरे शून्या,

पत्राच्या आरंभी खुशाली विचारायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती पाळावी असे मला वाटत नाही. सरळ मुद्द्यावर येतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये तू रेल्वेच्या प्रसिद्धिपत्रकात अवतरलास. १ एप्रिल २०१९ पासून तोवर रेल्वे अपघातात एकही प्रवासी दगावला नाही, १६६ वर्षांत असे पहिल्यांदाच घडले, असे तुला पुढे करून देशाला सांगण्यात आले. वर्तमानपत्रांनी तुला मथळ्यात बसवले. ज्या गावांत लोक पहाटेपासून गाडीला लोंबकळतात, त्या गावांतही ती वर्तमानपत्रे पोचली, याची तुला कल्पना असेलच.

मी अंबरनाथचा. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लाइनीवर आयुष्य गेलेला पासधारक. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आमची स्टेशने. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबते, पंखे फिरत राहतात, डब्यात कोणीतरी म्हणते, "रन ओव्हर झालंय वाटतं." पुढचा माणूस घड्याळ बघतो. स्ट्रेचर घेऊन रुळांतून चालणारे हमाल आणि त्यांच्याबरोबरचा पोलीस आम्हाला नवीन नाहीत. पंचनामा होतो, अपमृत्यूची नोंद होते, गाडी सुटते. तू मथळ्यात बसला होतास त्या वर्षीही हे असेच चालू होते.

आता तुझ्यासमोर एक दुसरा आकडा ठेवतो. तोही सरकारीच आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाखाली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी आहे. त्याच्या २०१९ च्या अहवालात देशभरात २७,९८७ रेल्वे अपघात आणि त्यांत २४,६१९ मृत्यू नोंदलेले आहेत. त्या अपघातांतले बहुसंख्य, तीन चतुर्थांशांच्या आसपास, गाडीतून पडण्याचे किंवा रुळांवर गाडीची धडक बसण्याचे. एका खात्याचे वर्ष जानेवारीपासून मोजतात आणि दुसऱ्याचे एप्रिलपासून, तेवढा फरक सोडून दे. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी जवळपास एकाच काळाचा हिशेब दिला. एकाने लिहिले २४,६१९. दुसऱ्याने तुला लिहिले.

हे कसे जमले ते आम्हाला ठाऊक आहे. रेल्वेच्या लेखी अपघात म्हणजे दोन गाड्यांची टक्कर, डबे रुळावरून घसरणे, गाडीला लागलेली आग, फाटकावरची धडक. गाडीला काही झाले तर तो अपघात. गाडी शाबूत राहिली आणि माणूस गेला, तर तो दुसऱ्या कुठल्यातरी वहीत जातो आणि ती वही प्रसिद्धिपत्रकाला जोडत नाहीत. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसे खाली पडली. चौघे त्याच दिवशी गेले. डबा घसरला नव्हता, टक्कर झाली नव्हती, आग लागली नव्हती. दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवरच होत्या. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण चेंगरून मेले, तेव्हा तर गाडीचा संबंधच नव्हता. त्या वेळी लष्कराला बोलावून एल्फिन्स्टन, करी रोड आणि आमच्या जवळच्या आंबिवलीला पूल बांधून घ्यावे लागले. लष्कर बोलावण्याइतका मोठा अनर्थ तुझ्या व्याख्येत मात्र अपघात ठरत नाही.

तुझे समर्थक म्हणतात, गाडीतून पडणारा स्वतःच्या हलगर्जीपणाने पडतो, त्याला रेल्वेच्या माथी कसे मारायचे? त्यांना रेल्वेचा स्वतःचाच कायदा वाचून दाखव. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि गाडीतून अपघाताने पडणाऱ्या प्रवाशाचा त्यात स्पष्ट समावेश झाला. कलम १२४-अ सांगते की अशा मृत्यूची भरपाई रेल्वेने द्यायची, मग रेल्वेची चूक असो वा नसो. २०१७ पासून ही रक्कम ८ लाख रुपये आहे. प्रेताच्या खिशात तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले. म्हणजे रेल्वे दावा न्यायाधिकरणासमोर त्याची बायको उभी राहते तेव्हा तो प्रवासी असतो, त्याच्या जिवाची किंमतही ठरलेली असते. प्रसिद्धिपत्रकात मात्र तो प्रवासीही नसतो आणि मेलेलाही नसतो. त्या बाईला आठ लाख देताना ज्या सरकारने मृत्यू मान्य केला, त्याच सरकारने तुला लिहून तो नाकारला. यासाठी मी तुला गुन्हेगार म्हणतो.

रूळ ओलांडणाऱ्याचे काय, असे विचारशील. रूळ ओलांडणे गुन्हा आहे, मान्य. पण रस्त्याकडे बघ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी रस्ते अपघातांचा अहवाल काढते. २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. पादचारी चुकीच्या जागी रस्ता ओलांडत होता म्हणून त्याला या बेरजेतून वगळलेले नाही. चूक कोणाची हा पुढचा प्रश्न, आधी माणूस मोजला. रस्त्यावर मेलेला मोजायचा आणि रुळावर मेलेला पुसायचा, हा भेदभाव कोणी ठरवला? अंबरनाथला, विठ्ठलवाडीला रुळांच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे. बाजार एकीकडे, घर दुसरीकडे. पूल कुठे हवा आणि भिंत कुठे हवी हे कळायला कुठल्या ठिकाणी, किती वाजता, कोण मेले हे आधी मांडावे लागते. ती माहिती लोहमार्ग पोलिसांच्या नोंदींत पडून असते. ते पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. रूळ केंद्राचे. पूल कधी रेल्वेचा, कधी नगरपालिकेचा. मुंबईतल्या लोकलबळींचे आकडे आपल्याला वर्षानुवर्षे समजत आले ते बहुतांशी माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. सरकारने आपण होऊन सांगायची गोष्ट नागरिकाने दहा रुपयांचा अर्ज करून मागायची!

आणि हे कोणी सांगितलेच नव्हते असेही नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये अनिल काकोडकर यांच्या उच्चस्तरीय समितीने रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात, त्यांतली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे त्यात नोंदवले होते. अणुशास्त्रज्ञाच्या मोजक्या भाषेत लिहिणाऱ्या त्या समितीने या प्रकाराला कत्तल म्हटले. टक्कर आणि घसरण यांच्या बाहेरच्या मृत्यूंची जबाबदारी घ्यायला रेल्वे कचरते, हेही समितीने लिहून ठेवले. त्यानंतर आठ वर्षांनी तू आलास. मुंबईत २०२३ मध्ये २,५९० माणसे लोकलच्या मार्गांवर गेली, हा आकडा उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायमूर्तींनी जून २०२४ मध्ये रेल्वेला खडे बोल सुनावले. सहा हजारांवरून अडीच हजारांवर येणे ही मोठी गोष्ट आहे. पूल झाले, भिंती झाल्या, सरकते जिने आले. ज्या शहरात मृत्यूंची मोजदाद लोकांनी लावून धरली, तिथेच हे घडले, याचा विचार कर.

तुझा जन्म मुळात एका साध्या गोष्टीतून झाला आहे. जो गाड्या चालवतो, तोच मेलेले मोजतो. किराणा दुकानदाराचा काटासुद्धा वैधमापनशास्त्राचा निरीक्षक येऊन तपासतो आणि त्यावर शिक्का मारतो. दुकानदाराच्या शब्दावर कोणी किलोभर साखर घेत नाही. देशातल्या प्रवाशांचा हिशेब मात्र रेल्वे देईल तो, विमान खाते देईल तो, बंदर खाते देईल तो. रस्ते मंत्रालयाचा परिवहन संशोधन विभाग आपले पुस्तक वेगळे काढतो. प्रत्येकाच्या व्याख्या निराळ्या, वर्षे निराळी, छापायचा महिना निराळा. माणूस घरातून निघून कामावर पोचतो तो प्रवास अखंड असतो. त्याची अखंड नोंद या देशात कुठेही नाही.

मेलेल्यांचे असे, तर जिवंतांचे काय ते ऐक.

रेल्वे प्रवासी मोजते ती तिकिटांवरून. मासिक पास निघाला की त्याच्या पन्नास फेऱ्या धरायच्या, तिमाही पास निघाला की दीडशे. माणूस आजारी पडो, सुट्टीवर जावो, आकडा ठरलेला. माणसे मोजली जात नाहीत, गुणाकार केला जातो. पास अंबरनाथचा म्हणून प्रवासी अंबरनाथचा. प्रत्यक्षात काय होते? सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून उल्हासनगर-अंबरनाथची माणसे आधी उलटी बदलापूरला जातात आणि तीच गाडी तिथून धरून परत येतात. बदलापूरकर फलाटावर येतो तेव्हा त्याची गाडी आधीच भरलेली असते. मग भांडणे होतात, दारे अडवली जातात, एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या लोकांना शत्रू समजू लागतात. रेल्वेच्या वहीत या उलट्या प्रवासाची एक ओळ नाही. ती ओळ असती तर अंबरनाथहून गाडी सुटण्याची गरज किती हे कागदावरच दिसले असते, आणि बदलापूरच्या बाईला पहाटे घराबाहेर पडून दारातल्या माणसाशी हुज्जत घालावी लागली नसती.

ऑगस्ट २०२२ आठव. मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या दहा फेऱ्या एसी केल्या. बंद दाराच्या गाडीत पासवाल्याला चढता येईना. कळव्याला लोक रुळांवर उतरले, बदलापूरला लोकांनी स्टेशन व्यवस्थापकांना घेरले. २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या कराव्या लागल्या. एसीची तिकिटे किती खपली हे रेल्वेला नेमके कळत होते. त्या फेरीची साधी गाडी रोज कोण धरतो, त्याचा पगार किती, ती गेल्यावर तो फलाटावर किती वेळ उभा राहील आणि पुढच्या गाडीच्या दारात आणखी किती जण लटकतील, हे कळण्याचे साधन तिच्याकडे नव्हते. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये क्षमतेच्या अडीच पटींहून जास्त माणसे असतात, हे रेल्वेचेच लोक सांगतात. एवढ्या गर्दीवर प्रयोग करायचा तर आधी मोजणी लागते. ती झाली नाही, म्हणून लोकांना रुळांवर उतरून स्वतःला मोजून दाखवावे लागले.

स्टेशनच्या बाहेर तर अंधारच आहे. बदलापूरच्या कात्रपहून, बेलवलीहून, उल्हासनगरच्या कॅम्प चार-पाचमधून लोक शेअर रिक्षाने स्टेशनला येतात. कल्याणच्या आरटीओकडे एमएच-०५ च्या रिक्षांची नोंदणी आहे, पण कोणत्या नाक्यावरून किती माणसे रोज रिक्षात बसतात याची नोंद कोणाकडे? ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसलेली चौथी सीट तर कायद्याने अस्तित्वातच नाही, आणि तरी संध्याकाळी सात वाजता ती प्रत्येक रिक्षात असते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून निघणारे टेंपो, जीन्सचे गठ्ठे, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून निघणारा माल, हे सगळे त्याच अरुंद रस्त्यांवरून जाते. मालाची ही वाहतूक किती, हे रस्ता रुंद करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

माणसे मात्र वाढत राहिली. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांवर. हे आकडेही २०११ चे आहेत. त्याच जनगणनेत कामावर जायचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती झाली नाही, आता २०२७ ची तारीख मिळाली आहे. दरम्यान कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर झाली, चिखलोलीला नवे स्टेशन ठरले, कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो १४ चा आराखडा झाला. या सगळ्यांची मला आस आहे, मी त्यांच्या विरोधात नाही. पण हजारो कोटींचे हे निर्णय घेणाऱ्यांच्या हाती आमच्या प्रवासाची ताजी, पूर्ण, सार्वजनिक माहिती असायला हवी होती. महानगर प्रदेशाचा मोठा वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पुरा झाला, त्यानंतर अधूनमधून सुधारला गेला. असे अभ्यास प्रकल्पापुरते होतात आणि प्रकल्प संपला की सल्लागाराच्या कपाटात जातात. दरवर्षी मोजणारी, न चुकता छापणारी आणि कोणालाही वाचू देणारी यंत्रणा नाही.

अशी यंत्रणा असू शकते. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने वाहतूक सांख्यिकीचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि १९९२ पासून तो काम करतो. रस्ता, रेल्वे, विमान, जलमार्ग, मालवाहतूक, सगळ्यांची आकडेवारी एकत्र बांधणे हेच त्याचे काम. तिथल्या रेल्वे प्रशासनाच्या तक्त्यांत रूळ ओलांडताना मेलेले आणि आत्महत्या करणारे वेगवेगळ्या रकान्यांत असतात, पण असतात. आपल्याकडे राकेश मोहन समितीने २०१४ मध्ये वाहतुकीच्या तुकड्यातुकड्यांच्या कारभारावर बोट ठेवले, सगळ्या साधनांचा एकत्र विचार करणारे परिवहन धोरण कार्यालय नेमा आणि पुढे एकच परिवहन मंत्रालय करा, असे सुचवले. राष्ट्रीय सांख्यिकी आयोग २००६ पासून आहे, पण त्याच्या पाठीशी संसदेचा कायदा नाही. २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, म्हणजे माहिती मागण्याचा अधिकार काही अंशी आहे. साहित्य विखुरलेले पडले आहे. ते एकत्र आणायची इच्छा नाही, कारण ते एकत्र आले की तुझ्या जागी दुसरे आकडे लिहावे लागतील.

म्हणून माझी मागणी तुझ्या समोरच मांडतो. संसदेने कायदा करून राष्ट्रीय वाहतूक सांख्यिकी संस्था उभी करावी. ती रेल्वे मंत्रालयाखाली नको आणि रस्ते मंत्रालयाखालीही नको. रेल्वे, लोहमार्ग पोलीस, आरटीओ, महापालिकांची बससेवा, विमानतळ, बंदरे यांनी तिला ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या तारखेला माहिती दिलीच पाहिजे, न दिल्यास दंड व्हावा. वाहतुकीत मेलेला माणूस म्हणजे कोण, याची व्याख्या तिने करावी आणि ती सगळ्यांना लागू असावी. दर पाच वर्षांनी घरोघरी जाऊन तिने विचारावे: कुठून निघता, कशाने जाता, किती वेळ लागतो, किती पैसे जातात, उभ्याने जाता की बसून. बायकांना वेगळे विचारावे, कारण रात्री नऊच्या गाडीनंतर रिक्षा मिळते की नाही हे घरातल्या पुरुषाला विचारून कळत नाही. आणि आकडे स्टेशनवार छापावेत. मध्य रेल्वेची सरासरी आमच्या कामाची नाही. विठ्ठलवाडीचे वेगळे, उल्हासनगरचे वेगळे, वांगणीचेही वेगळे हवेत.

आणखी एक खाते उघडून काय होणार, असे म्हणणारे भेटतील. त्यांना मी एवढेच सांगेन की मोजणीचा खर्च एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि चुकीच्या जागी बांधलेला पूल तसाच उभा राहतो, त्यावरून कोणी जात नाही, लोक खालून रूळ ओलांडतात आणि मरतात. संस्था नेमली की गर्दी ओसरेल असा माझा भ्रम नाही. गर्दीला गाड्या लागतात, मार्गिका लागतात, पैसा लागतो. पण ज्यांच्यासाठी तो पैसा मागायचा ती माणसेच जर कागदावर नसतील, तर अर्थसंकल्पात त्यांच्या नावाने कोण भांडणार?

तुझ्याशी माझे कायमचे वैर नाही. पुढे कधी रेल्वेच्या सुरक्षेचे पत्रक निघेल, तेव्हा त्यात गाडीतून पडून मेलेले, रुळांवर मेलेले, फलाटावर आणि पुलावर चेंगरून मेलेले असे निराळे रकाने असू देत, ते रेल्वेने नव्हे तर या संस्थेने भरलेले असू देत, आणि कोणालाही तपासता येऊ देत. त्या सगळ्या रकान्यांत तू खराखुरा आलास, तर त्या दिवशी अंबरनाथच्या फलाटावर मी स्वतः पेढे वाटेन. तोपर्यंत मथळ्यातून उठ, तिथे २४,६१९ जणांची जागा आहे.

एक पासधारक,
अंबरनाथ